दाराबाहेरच्या चपला

परळच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये माझ्याआधी एका पोराचा नंबर असतो. त्याचेही पाय माझ्यासारखेच लुळे पडलेले. पण हाताची बोटं सारखी व्हीलचेअरवर ढोल बडवतात. मला वैताग येतो.

"मॅडम, करा ना चालू!" तो थेरपिस्टच्या मागे लागतो.

डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर व्हीआरचा गॉगल. चालायचा नुसता विचार केला, की गॉगलमधले पाय चालतात, बाहेर स्क्रीनवर आम्हालाही दिसतात. काल त्याचे ते पाय एका घराच्या दारात अडले.

"आत चला," मॅडम म्हणाल्या.

"चपला आहेत पायात. आधी काढा."

मॅडमनी वाकून त्याच्या खऱ्या चपला काढल्या. तो आत गेला. बोटं थांबली.

वेळ संपली, गॉगल निघाला. मॅडम चपला परत घालू लागल्या, तसा तो ओरडला, "राहू दे! मी अजून बाहेर नाही आलो."