ताटावरचा हात

पंगतीत बसले की आमचे सर वाढप्याला तोंडाने कधी थांबवायचे नाहीत. आमटी आली की दोन्ही तळहात ताटावर आडवे. वाढपी घाईत असला तर गरम आमटी हातावर सांडायची. सर हात झटकायचे, पण ‘बास’ हा साधा शब्द काही उच्चारायचे नाहीत. दहिवडीकडे एखाद्या लग्नाला तुम्ही कधी आला असाल, तर हा उंच, काटकुळा, जरासा लंगडत चालणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि मनात म्हटलं असेल, काय विक्षिप्त गृहस्थ आहे!

सर आमच्या शाळेत मुलांना पळायला शिकवायचे. मी तिथे मराठी शिकवतो, आणि पळण्याशी माझा संबंध एसटी गाठण्यापुरता. सर फौजेत असताना लांब पल्ल्याच्या शर्यती पळत. पुढे गुडघा गेला आणि ते गावी परतले. पदकांची चौकशी केली की म्हणायचे, “मास्तर, मी कायम दुसरा. पहिल्या नंबराची पाठ माझी तोंडपाठ हाय.” हा विनोद ते दर आठवड्याला करायचे आणि दर वेळी आधी स्वतःच हसायचे.

त्यांच्याकडची बहुतेक मुलं मेंढपाळांच्या घरची. आमच्या माळावर शिट्टी वाजली की मेंढरं वळतात, म्हणून सरांनी शिट्टी कधी गळ्यात घातली नाही. “शिट्टी मेंढरास्नी. मानसाशी मानसानं बोलावं,” असं त्यांचं म्हणणं. सराव थांबवायचा असला की मैदानाच्या मधोमध उभे राहून ते ओरडायचे, “बास!” की पोरं जागच्या जागी उभी. वर्गात मी तासभर घसा फोडला तरी एवढी शांतता मला मिळत नसे. मला सरांचा हेवा वाटायचा.

अनिता त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. बारावीत होती. वडील मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर. त्यांनी सरांना स्पष्टच सांगितलं होतं, “ही राज्याला गेली तर पळू द्या तिला, सर. न्हाई गेली तर यंदा उरकून टाकतो.” म्हणजे लग्न. सांगलीच्या विभागीय स्पर्धेत पहिली आली तर राज्याची स्पर्धा आणि पुण्याचं वसतिगृह, नाहीतर अंतरपाट.

सोबत एक शिक्षक हवा म्हणून मी सांगलीला गेलो होतो. भडंगाची पुडी घेऊन मी पायऱ्यांवर बसलो, सर कुंपणाला चिकटून उभे. तीन हजार मीटरची शर्यत. अनिता निम्म्यातच पुढे गेली आणि मग इतकी पुढे गेली, की मी भडंग खायचा विसरलो. शेवटची फेरी उरल्याची घंटा वाजली तेव्हा ती एकटीच सरांच्या समोरून येत होती. मागे बरंच अंतर मोकळं.

सरांनी जन्मभर पहिल्याची पाठ पाहिलेली. पहिल्याचं तोंड ते आज पाहत होते, आणि तेही आपल्याच पोरीचं. त्यांचा ऊर भरून आला. काहीतरी अपूर्व पाहिल्यावर आपण म्हणतो ना, तसं ते कुंपणावरून ओरडले, “बास! बास गं माझे बाय!”

अनिता थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

“पळ! अगं पळ!” सर किंचाळले. तिला उमजून तिने पुन्हा पाय उचलेपर्यंत मागच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. ती चौथी आली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कवठे महांकाळला. तेव्हापासून तो शब्द त्यांनी सोडला. मैदानावर मुलांना थांबवायचं असलं की ते लंगडत आडवे जायचे.

मी त्यांची समजूत घालायचो. “सर, पोरगी फेऱ्या मोजायला चुकली. तुमचा काय दोष?” मला तो मोठा दिलासा वाटायचा. सर मान डोलवायचे.

पुढे काही वर्षांनी अनिताच्या मुलाचं जावळ निघालं. तिने आग्रहाने आम्हा दोघांना बोलावलं. पंगतीत ती स्वतः रस्सा वाढत आली. सरांचे हात ताटावर.

“हात काढा, सर. बास म्हना, मग थांबंन मी.”

सरांनी हात काढले, पण बोलले नाहीत. ती हसत वाढत राहिली. रस्सा ताटाच्या काठाला आला. मग पळी तशीच धरून ती त्यांच्यापुढे खाली बसली.

“आवं सर, अजून तेच धरून बसलाय व्हय? मी काय चुकले न्हवते. घंटा ऐकली हुती मी. एक फेरी ऱ्हायलीय, म्हाईत हुतं मला.”

“मग थांबलीस का गं?”

“तुमी बास म्हनलासा न्हवं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. सरांनी ताटातला सगळा रस्सा खाल्ला. मान वर केली नाही.

परतताना गाडीवर माझ्या मागे बसून ते म्हणाले, “मास्तर, ती चुकली असं मानून मी जगत हुतो, त्यात जरा तरी सोय हुती. ती चुकली न्हवती रं. ती माझं ऐकत हुती.” माझ्या दिलाशाची मला शरम वाटली. मी गाडी हळू केली, एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पुन्हा तो शब्द ऐकू आला. पोरी ऐन वेगात असताना सर ओरडायचे, “बास!” आणि जी थांबेल तिला आणखी एक फेरी. “रेघ आल्याबिगर थांबायचं न्हाई. मी म्हनलो तरी न्हाई. मी म्हनलो तर आजाबात न्हाई!” एका मुलीची आई तक्रार घेऊन आली, “सर, घरात बी बास म्हनलं तरी थांबंना ही. तोंडाचा पट्टा चालूच.” सर बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. “मग येतंय की तिला!”

मागच्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभा मैदानावरच ठेवली होती. अनिता कवठ्याहून आली, माझ्याशेजारी उभी राहिली. सरांच्या हाताखालच्या मुली नेहमीप्रमाणे पळत होत्या. सभेची वेळ झाली तसे मुख्याध्यापक पुढे झाले आणि त्यांनी हाक दिली, “बास गं पोरींनो, या आता!”

एकही थांबली नाही. मुख्याध्यापक पुन्हा ओरडले. मुली वळण घेऊन आमच्या समोरून गेल्या, धापा टाकत, डोळे रेघेवर.

अनिता त्यांच्याकडे पाहत राहिली.

“ह्यास्नी शिकवलं सरांनी,” ती म्हणाली. “आमच्या टायमाला हे न्हवतं.”

मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि मुली रेघ ओलांडेपर्यंत आम्ही दोघं सभेकडे पाठ करून उभे होतो.