टॉवेलाखालचा खेळ

आमच्या स्टुडिओच्या खाली पिठाची गिरणी होती. सावेडीतल्या त्या दोन खोल्या बघायला गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, खाली गिरणी आहे." मी म्हटलं, "बरंच झालं, उपाशी तरी मरणार नाही." भाडं परवडणारं होतं आणि मला घाई झाली होती. माझ्या एका फोनवर भाऊ बेंगळुरूची नोकरी सोडून, बायको आणि कडेवरची पोरगी घेऊन नगरला आला होता. त्याचं मन बदलायच्या आत त्याला इथं कामाला जुंपायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. गेम बनवायची हौस मलाही होती, नाही असं नाही. पण खरं सांगते, मला माझा धाकटा भाऊ जवळ हवा होता. आणि त्याला मोबाईलच्या गेमशिवाय जगात दुसरं काही बनवण्यात रस नव्हता.

आमचे वडील घोडेगावचे हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्या बाजारात बैलाची किंमत कुणी तोंडानं बोलत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून आकडा कळतो. वरून पाऊसपाण्याच्या गप्पा चालू. शेजारी उभ्या असलेल्याला ओ की ठो कळत नाही. आम्ही बहीण-भाऊ लहानपणी आईच्या जुन्या लुगड्याखाली चिंचोके असेच विकायचो, आणि तो मला दर वेळी गंडवायचा. चेहरा असा साळसूद करायचा की बस.

तोच सौदा त्यानं मोबाईलात आणला. दोघांनी समोरासमोर बसायचं, मध्ये एक फोन. विकणाऱ्याला आधी एकट्याला जनावराची खोड दिसायची: लाथ मारतं, दूध चोरतं, नांगराला धरलं की खाली बसतं. घेणाऱ्याला नुसतं रूप दिसायचं. मग फोनवर टॉवेल टाकायचा आणि आत हात घालून काचेवर बोटांनी बोली लावायची. एकानं बोली लावली की फोन थरथरायचा, ती थरथर मोजून दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सौदा ठरला की टॉवेल काढायचा आणि कोण फसलं ते बघायचं. बस, एवढाच खेळ. स्क्रीन न बघता खेळायचा गेम आणखी कुणी बनवला असेल तर मला माहीत नाही.

आता गिरणीचं सांगते. खाली दळण सुरू झालं की आमची फरशी थरथरायची, टेबल थरथरायचं, आणि फोन थरथरतोय की गहू दळले जातायत ते कळायचं नाही. भाऊ कावून जायचा. शेवटी गिरणीवाल्या काकांच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळी तपासणी उरकायला लागलो. दुसरी कटकट टॉवेलची. त्याची एखादी ओली घडी काचेला टेकली की फोन तिला बोट समजायचा आणि शेळीला म्हशीचा भाव यायचा. आमच्याकडे राजूरहून आलेली एक मुलगी चित्रं काढायची. तिनं काढलेला पहिला बैल बघून आण्णा म्हणाले, "लई देखना हाय. पन पोरी, ह्याला गुडघं कुटं हायेत? बसंल कसा ह्यो?" ती इतकी हसली की चहा सांडला. ते दिवस फार चांगले होते. संध्याकाळी भाऊ त्याच्या पोरीला घेऊन आमच्याकडे यायचा, माझ्या सासूबाई तिला मांडीवर घ्यायच्या, आणि मला वाटायचं, आता हे असंच चालणार.

गेम बाहेर आला आणि बरेच दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मिरजगावच्या एका लग्नात दोन विहिणींनी आहेराच्या शालीखाली फोन ठेवून म्हशीचा सौदा केला आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. मुलीची आई कसलेली निघाली. तोंडानं "घ्या ना विहीणबाई, जिलेबी घ्या" चाललेलं आणि आत बोटांनी ती लाथाड म्हैस गळ्यात मारत होती. शाल उचलल्यावर मुलाच्या आईचा चेहरा जो काय झाला, तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. मग घराघरात, बारशात, होस्टेलवर, ऊसतोडीच्या तळावर लोक टॉवेल घेऊन बसायला लागले. कॉलेजवाले भावाला भाषणाला बोलवायला लागले. आण्णा बाजारात सांगत फिरायचे, "आमच्या पोरांनी धंदाच मोबाईलात घातला, आता मी काय करू?" आणि छाती पुढं.

मग गेममध्ये पैसे घालायला एक मोठी कंपनी आली. दोन माणसं खास गाडी करून नगरला आली, आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली, खेळली, खूश झाली. त्यातली बाई हुशार होती. तिनं टॉवेल हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि विचारलं, "छान आहे, पण जाहिरात दिसणार कुठं?"

फुकट गेम जाहिरातींवर चालतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आपण असा गेम बनवलाय की तो सुरू झाल्यावर पहिल्यांदा लोक स्क्रीन झाकतात, हे दोघांच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. तरी आम्ही जाहिरात घालून पाहिली. टॉवेलाखालून एक बाई साबणाचं कौतुक करायला लागली. आण्णा दचकून मागं सरकले. "आत कोन हाय?" म्हणाले. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. हसलो खरं, पण पैसे त्या बाईच्या कंपनीचेच लागत होते. एका फोनवर अख्खं घर खेळायचं, आणि विकत घ्या म्हटलं की कुणी घेत नव्हतं.

कंपनीनं सांगितलं, टॉवेल काढा. दोन अनोळखी माणसं दोन फोनवर खेळतील, आकडे स्क्रीनवर दिसतील, मध्ये जाहिरात येईल. भावानं खाली मान घालून ते करून दाखवलं, तेही इतकं चोख की कंपनीला बोट ठेवायला जागा राहिली नाही. मी त्याला विचारलं, "तुला पटतंय ना?" तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तू म्हणशील तसं." बोलणं तिथंच संपलं. आम्ही घरातली माणसं अशीच आहोत. मनातलं म्हणून कुणी आधी सांगणार नाही.

टॉवेलाशिवायचा गेम आण्णांनी एकदा खेळून पाहिला आणि फोन परत दिला. "ह्यात समदं दिसतंया की," एवढंच म्हणाले. लोकांनीही तेच केलं. जुने खेळणारे गेले, नवे आले ते जाहिरात लागली की पळाले. कंपनीची ती हुशार बाई दुसरीकडे गेली, तिच्या जागी आलेला माणूस फोन उचलेना. राजूरची मुलगी संगमनेरला शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. शेवटी गाशा गुंडाळला. टेबलं विकली. खालचे काका वर येऊन म्हणाले, "आता जेवायच्या सुट्टीत दळन काढलं तर चालंल ना?" मला त्यांच्यापुढं रडू आलं, त्याची आजही लाज वाटते.

भावाला बेंगळुरूहून बोलावणं आलं होतं. तो काही जाईना. रोज सकाळी त्या रिकाम्या खोल्यांत जायचा, वायरी गुंडाळायचा, परत सोडायचा. विचारलं की म्हणायचा, "आवरतोय." मला वाटलं, बिचारा माझ्यामुळं अडकलाय. एकदा मी भरवशाची नोकरी सोडायला लावली, आता दुसऱ्यांदा त्याच्या वाटेत यायचं नाही. म्हणून एक दिवस हसत-हसत, अगदी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "अरे जा की आता. नगरात काय ठेवलंय?" तो म्हणाला, "बरं." त्याच आठवड्यात तिकीट काढलं. स्टँडवर भावजय रडली, आई रडली, मी काही रडले नाही. सगळ्यांना दाखवायचं होतं ना, की मी खंबीर आहे.

आता मी एका कॉलेजात संगणक शिकवते. गेल्या साली भाऊबीजेला तो आला होता. मी ओवाळलं, त्यानं ताटात ओवाळणी घातली, फराळ झाला. आण्णा पडवीत लवंडले होते. बोलता बोलता स्टुडिओचा विषय निघाला आणि मी म्हटलं, "बरं झालं तू वेळेत गेलास."

त्यानं चकलीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाला, "ताई, मला जायचं नव्हतं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतोस?"

"महिनाभर वायरी कशाला गुंडाळत बसलो होतो मी? तू एकदा थांब म्हणाली असतीस तर थांबलो असतो. घोडेगावात मोबाईलचं दुकान टाकलं असतं. गेम संपला होता, मी कुठं संपलो होतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की गेम बुडाला म्हणून भाऊ गेला. मी त्याचा हात धरला आणि जन्मात पहिल्यांदा सरळ म्हटलं, "आता थांब. मला तू इथं हवा आहेस."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. मग म्हणाला, "आता पोरीची शाळा आहे गं तिथं. तिला मराठी नीट वाचता येत नाही."