सुभेदाराची पहिली आंघोळ

मासा हातात आला की सुभेदार आधी त्याला शिव्या घालायचा. दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचा आणि अगदी मनापासून विचारायचा, "काय रं, कणकेच्या गोळ्यासाठी जीव देतोस व्हय? घरी खायला न्हाई?" मग होडीच्या काठावर चिकटवलेल्या टेपवर त्याला आडवा करायचा, इंच मोजायचे, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. खायचा प्रश्नच नव्हता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, माळकरी. त्या घरात तीस वर्षांत माशाचा वास शिरला नव्हता.

माणसांनाही तो असाच मोजायचा. पंचायतीचा सदस्य सहा इंची, स्वतःचा सख्खा भाऊ साडेपाच. मी त्याचा शाळासोबती, पुढं गावातच भूगोलाचा मास्तर झालेला, म्हणून माझ्यावर जरा मेहेरबानी. "तू नऊ इंची हाईस मास्तर. दिसायला बरा, पण सोडून द्यायचा माल." चारचौघांत म्हणायचा. मी हसायचो. न हसून करतो काय? गावात मला रविवारी विचारणारा तोच एक होता.

फौजेतून आलेल्या बाकीच्यांनी ट्रॅक्टर घेतले, बंगले बांधले. ह्या बाबानं काय आणलं, तर दोन प्लास्टिकच्या कयाक, एकट्यानं बसून वल्हवायच्या होड्या. एक हिरवी, एक पिवळी. महापुरात गुळाच्या काहिलीत बसून कृष्णा ओलांडलेली आमची माणसं. त्यांनी त्या कयाकला लगेच नाव ठेवलं, 'सुभेदाराची काहील'. सुभेदारानं मनावर घेतलं नाही. "काहिलीत बसून जीव वाचवत्यात. ह्यात बसून जीव रमवत्यात. तुमास्नी त्यातलं काय कळतंय?"

आणि खरं सांगतो, जीव रमायचा. थंडीच्या दिवसांत पहाटे उजाडता उजाडता आम्ही गावाच्या वरच्या तलावात कयाक घालायचो. पाण्यावरनं वाफ निघत असायची. काठावर बसून गळ टाकणाऱ्याला मासा लागतो तेव्हा तो मासा ओढतो. कयाकमध्ये उलटं होतं. चांगला पाच-सहा किलोचा कटला लागला की तो तुमच्यासकट होडी ओढत नेतो. दोरा सूं वाजतो, होडीचं तोंड आपोआप फिरतं आणि साठीतला माणूस पोरासारखा ओरडायला लागतो. एकदा कोयनेच्या फुगवट्यावर नेलं होतं त्यानं मला. चारी बाजूंनी डोंगर, खाली काळं पाणी, आणि दिवसभरात एकही मासा नाही. तरी परतताना वाटत होतं, अजून तासभर मिळाला असता तर बरं झालं असतं. हे सुख मला त्यानं दिलं, हे कबूल केलं पाहिजे.

पण फुकट नाही दिलं. त्याच्या पिवळ्या कयाकमध्ये जो कोणी पहिल्यांदा बसेल त्याला तो तलावाच्या मध्यावर नेऊन, काही कळायच्या आत, वल्ह्यानं उलथा करायचा. ह्याला तो पहिली आंघोळ म्हणायचा. "बुडाल्याबिगर मी कुणाच्या हातात गळ देत न्हाई. फौजेत आमास्नी असंच शिकवलं." आधी लाइफ जॅकेटचा एकेक पट्टा स्वतः आवळून द्यायचा, त्यात मात्र कसूर नाही. मलाही घातली आंघोळ. मी नदीकाठचा, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला. दोन शिव्या दिल्या आणि परत चढलो. आमच्याकडं पोहता न येणारा माणूस असतो, हे सुभेदाराच्या डोक्यातच नव्हतं.

त्याची पोर शीतल माझ्या हाताखाली शिकली. हुशार, हट्टी, थेट बापासारखी. शिक्षिका झाली आणि शाळेतल्याच संदीप नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं. संदीप माणदेशातला, दहिवडीकडचा. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडलेले. सुभेदाराला ते पसंत नव्हतं. बागायतदाराची पोर दुष्काळी भागात, तीही मेंढरवाल्याच्या घरात! पण पोरीपुढं त्याचं काही चालायचं नाही. लग्नात उभा राहिला, अक्षता टाकल्या, आणि तोंड असं केलं होतं की फोटोग्राफरनं तीन वेळा "सर, हसा" म्हणून सांगितलं.

लग्नानंतर अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं, त्याला देवाच्या जागी मानायचं, ही रीत. शीतल आदल्या दिवशीच आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, अप्पांना सांगा. यांना नीट वागवा म्हणावं. सगळ्यांसमोर यांचं हसं झालं, तर मी या घरात पाय ठेवणार नाही." मी म्हटलं, "काळजी करू नकोस."

सकाळी सुभेदार जावयाला म्हणाला, "पाव्हणं, सैपाक व्हईपतूर चला तलावावर." वहिनी आतून ओरडल्या, "आवं, अधिकाच्या महिन्यात तरी मुक्या जिवास्नी छळू नका!" ऐकतो कोण? तलावावर सुभेदार कयाक उतरवत होता तेव्हा संदीप माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "सर, मला पोहता येत नाही. आमच्याकडं प्यायला टँकरनं पाणी. सासऱ्यांना बोलू नका, जावई भित्रा आहे म्हणतील."

मला पुढं काय होणार ते पक्कं माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर टळलं असतं. नाही बोललो. मला बघायचं होतं. आयुष्यभर तो मला चारचौघांत मोजत आला, आज दुसरं कोणीतरी माझ्याहून कमी भरणार होतं. एवढंच कारण. ह्याहून चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सुभेदारानं त्याला जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि नेहमीप्रमाणं आपला फोन माझ्या हातात दिला, मासा लागला की शूटिंग करायला. मी काठावरच थांबलो. मध्यावर गेल्यावर वल्हं घातलं. पिवळी कयाक पालथी झाली. संदीप वर आला, जॅकेटनं तरंगला, पण ते त्याला कळायला तर पाहिजे! हातपाय झाडत, तोंडात पाणी जात, तो "आई, आई गं" म्हणून किंचाळत होता. आणि नेमका त्याच वेळी सुभेदाराच्या गळाला मासा लागला. मोठा होता. हिरवी कयाक गर्रकन फिरली.

दोरा तोडायला खिशात कात्री होती त्याच्या. तोडला नाही. मासा खेळवत खेळवत ओरडत राहिला, "पाय मार रं! जाकीट हाय अंगात, मरत न्हाईस! ए दुष्काळी, पाय मार!" चार-पाच मिनिटं हे चाललं. मासा होडीत आल्यावर मग जावयाच्या जॅकेटला धरून ओढत त्याला काठावर आणलं. तेव्हा त्याला समजलं. "पवायला येत न्हाई व्हय तुमास्नी? आवं, मग सांगायचं न्हाई का?" त्याचा चेहरा उतरला होता. तसा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. संदीपनं माझ्याकडं बघितलं. मी टॉवेल आणायला वळलो.

तोपर्यंत मी माझं काम केलं होतं. शूटिंग सुभेदाराच्याच फोनवर, आणि फोनमध्ये गावाचा ग्रुप वरच दिसत होता. 'दुष्काळी जावयाची पहिली आंघोळ' असं खाली लिहून टाकून दिलं. मला वाटलं, जरा मजा. जेवणं होईपर्यंत सगळं गाव हसून घेत होतं. ताटात पुरणाचे धोंडे, समोर समई, डोकं ओलं असलेला जावई मान खाली घालून जेवतोय, आणि वाढायला आलेल्या बायका पदरात तोंड खुपसून हसतायत. सुभेदारानं संध्याकाळी तो व्हिडिओ काढून टाकला. उशीर झाला होता. दहिवडीत पोचला होता. संदीपच्या वर्गातली पोरं त्याला बघून "आई गं" म्हणून ओरडायला लागली. त्याच्या म्हाताऱ्या बापानं शेजाऱ्याच्या फोनवर आपलं पोरगं बुडताना बघितलं.

शीतल परत आली नाही. आईला फोन करायची, बापाचं नाव निघालं की ठेवून द्यायची. "पाण्यात पाडलं ते मी विसरले असते," तिनं आईला सांगितलं, "जगाला दाखवलं ते नाही विसरणार." सुभेदाराला माहीत होतं कुणी दाखवलं ते. फोन कुणाच्या हातात होता? त्यानं तिला सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. फक्त एकदा, तलावात दोन्ही कयाक शेजारी लागल्या असताना, गळाकडं बघतच म्हणाला, "मी तुजं नाव घेणार न्हाई मास्तर. तूच सांग तिला. बगू कवा सांगतोस. मला घाई न्हाई." त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी तो मला शेजारी बसवून थांबला. एका शब्दानं विचारलं नाही. इतका छळ मला दुसऱ्या कुणी केला नाही.

मग त्याच्या किडन्या गेल्या. मिरजेच्या दवाखान्यात सुजून पडला होता. मला म्हणाला, "शीतलला फोन लाव. तुजं ऐकंल ती. आता तरी सांग गड्या." पहिल्यांदाच 'गड्या' म्हणाला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. बापाच्या दुखण्याचं सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, एकच विचारते. शूटिंग तुम्ही केलंत, अप्पांनी करायला लावलं असेल. पण ग्रुपवर कुणी टाकलं? दुसऱ्या कुणी टाकलं असेल तर सांगा, मी आत्ता गाडीत बसते. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मी म्हटलं, "त्यांच्याच फोनवरून गेलं होतं गं."

"कळलं," ती म्हणाली.

आत आलो. सुभेदारानं विचारलं, "काय म्हणली?" मी म्हटलं, "बघते म्हणाली." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "न्हाई सांगितलंस," एवढंच म्हणाला आणि पाणी मागितलं. दोन घोट द्यायची परवानगी होती, तेवढे मी चमच्यानं पाजले. चौथ्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत दाराकडं बघत होता म्हणे. मी नव्हतो तिथं.

दहाव्याला शीतल आली, संदीपला घेऊन. नदीकाठी सगळं उरकल्यावर माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली. रडत नव्हती. म्हणाली, "सर, या सगळ्यात तुम्ही एकटेच माझ्याशी खरं बोललात." तिच्यामागं संदीप उभा होता. त्याला माहीत होतं, तलावाच्या काठावर तो माझ्याशी काय बोलला होता ते. तरी मला नमस्कार करून बाजूला झाला, सज्जन माणूस.

"अप्पांच्या कयाक घरात नकोत आम्हाला," ती म्हणाली. "तुम्हाला आवड आहे. तुम्ही न्या."

मी नको म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन गेलो आणि दोन्ही घेऊन आलो. रविवारी सकाळी तलावावर जातो. परवा सात किलोचा कटला लागला, अर्धा तलाव ओढत नेलं त्यानं मला. लय मजा आली.