कापसाच्या पुस्तकाची जागा

घाटंजीच्या एका कॉलेजात घनश्याम सर ग्रंथपाल म्हणून आले, तेव्हा त्यांचे केस काळे होते. तेव्हापासून दरवर्षी नव्या पोरांना पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचायला ते शिकवत, आणि शिकवत मात्र झकास. पॉइंट आला की पोरं हमखास घसरत. एकावन्न सहापेक्षा मोठे, म्हणून ६३३.५१ ला ६३३.६ च्या पुढे धाडत. सर म्हणत, एकावन्न म्हणू नका बाप्पा, पाच-एक म्हणा. पाच सहाच्या आधी येते का नाही? झालं, डोक्यात उजेड.

गंमत अशी, की हे सगळं फळ्यावर. कपाटांपर्यंत पोरांना कोणी जाऊच देत नव्हतं. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, शिपाई खेमसिंग पुस्तक आणून देणार. खेमसिंगला नंबरांशी काही घेणंदेणं नव्हतं, तो पुस्तकं तोंडावरून ओळखे. ज्याला मागणी जास्त ते काउंटरखाली, म्हणजे पायपीट नको. सरांना हे ठाऊक होतं. चाललंय ना, मग चालू द्या.

यंदा मात्र तपासणी समिती यायची होती, आणि कपाटं पोरांना खुली आहेत असं दाखवायचं होतं. सरांनी जमनीला निवडलं. तांड्यावरची पोरगी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, पण नंबर असा वाचे की सरांची छाती फुगे. समितीपुढे तीच पुस्तक काढून दाखवणार होती. कोणतं काढायचं तेही ठरलं होतं, आणि तेवढं एक पुस्तक खेमसिंगनं बरोबर जागेवर लावूनही ठेवलं होतं.

समितीच्या मॅडम काही त्याला बधल्या नाहीत. कम्प्युटरवर पाहून त्यांनी भलतंच पुस्तक मागितलं, कापसाच्या लागवडीचं. ६३३.५१. जमनी थेट त्या कपाटापाशी गेली. बोट फिरवत ६३३.३ वरून ६३३.६ वर आली. मधे काहीच नाही. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला, पुन्हा मागे गेली. पुस्तक सरांच्या गुडघ्यापाशी पडलं होतं, काउंटरखाली.

"चुकलं माह्यं, सर," जमनी म्हणाली. "मले नंबर नाही समजला."

एक वाक्य बोलायचं होतं, बस. पोरीचं बरोबर आहे, पुस्तक आम्हीच हलवलं. पण प्राचार्य बघत उभे होते. सर कसनुसं हसले आणि मॅडमना म्हणाले, की खेड्यातल्या लेकरांना जरा वेळच लागतो. अरे लाज तरी वाटावी माणसाला! वाटली ना, पण बोलून झाल्यावर. घरी ताट अर्धवट टाकून उठले. बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी जमनी आपणहून आली. मी कुठं चुकले ते पुन्हा शिकवा म्हणाली. सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी काउंटरखालून ते पुस्तक काढलं, तिला कपाटापाशी नेलं आणि त्याच्या जागी सरकवलं. नंबर तू बरोबरच वाचला होता, पुस्तकच इथं नव्हतं, आणि हे मला काल माहीत होतं, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

जमनीनं नंबरावर बोट ठेवलं, हळूच पाच-एक म्हणाली. मग विचारलं, "मंग काल काहून नाही बोलले, सर?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि इतकी वर्षं शिकवणाऱ्या सरांना तेवढं सांगता येईना.