चौथी रांग

संगणक सुरू करण्याआधी काका पंखा बंद करत. कितीही उकडत असलं तरी रोज. मग हात विजारीला पुसून फ्लॉपी आत सरकवत आणि मान किंचित तिरकी करून बसत.

काका टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. टेबलावर दोन जुने घरगुती संगणक होते. दोन्हींवर गाणी रचायचे प्रोग्राम चालत. पडद्यावर आकड्यांच्या उभ्या रांगा खालून वर सरकत आणि प्रत्येक रांग आपापलं वाद्य वाजवी.

"वाण्याची यादी गायला बसलात की काय?" काकू दारातून म्हणायची.

काळ्या संगणकाला तीनच रांगा. त्याचे सूर बरणीत कोंडलेल्या माशीसारखे गुणगुणत. पांढऱ्याला चार, आणि त्याला बाहेरचा कुठलाही आवाज भरवता येई. "काळा घरचं रांधून खातो, पांढरा शेजारून मागून आणतो," असं काका गिऱ्हाइकांना सांगत.

एकदा पातेल्याचा ठण्ण आवाज टिपायला त्यांनी मायक्रोफोन दाराशी धरला आणि पातेलं वाजवायला काकूला हाक मारली. ती आतून ओरडली, "आले, आले!" पातेल्याऐवजी तेच टिपलं गेलं.

"पुसा हो ते. फाटक्या बांबूसारखा आवाज माझा."

काकांनी ते पुसलं नाही. चौथ्या रांगेत घातलं. खालच्या पट्टीत काकू म्हातारी व्हायची, वरच्या पट्टीत शाळकरी पोर. म्हातारी काकू आम्ही फक्त तिथेच ऐकली. ती त्या वयाला पोचलीच नाही.

ती गेल्यावर पहिल्यांदा काकांनी गाणं लावलं तेव्हा तीन रांगा वाजल्या. चौथीतले आकडे नेहमीसारखे वर गेले, पण मुके.

चूक साधी होती. गाणं साठवताना प्रोग्राम दर वेळी विचारायचा: नुसतं गाणं, की आवाजांसकट? फ्लॉपीवर जागा थोडी आणि काका काटकसरी. ते कायम नुसतं गाणं साठवत. बाकीच्या तीन रांगांची वाद्यं प्रोग्रामच्याच फ्लॉपीवर होती; काकूचा आवाज वेगळ्या फ्लॉपीवर होता आणि त्या फ्लॉपीवर बुरशी चढली होती. त्यांनी ती उघडली, पुसली, पुन्हा घातली. यंत्र खरखरलं आणि थांबलं.

मग ते मिळेल तो प्रोग्राम आणू लागले. कुठल्या तरी एकाला काकू सापडेल अशी आशा होती. एकाने गाणं उघडायलाच नकार दिला. दुसऱ्याने तिच्या जागी पिपाणी वाजवली, तेव्हा काकांनी वायरच उपटली. तिसऱ्याने ढोल घातला.

"आपला जुना प्रोग्रामच बरा," ते म्हणाले. "माणूस नसेल तर त्याची जागा रिकामी ठेवतो. भलत्याला बसवत नाही."

"काळ्यावर लावा ना, काका. त्याला तीनच रांगा. कळणारही नाही."

"तेच तर. त्याला कळतच नाही ती नाहीये ते."

एका दुपारी मी शेजारी बसले होते. आकडे सरकत होते. चौथ्या रांगेची वेळ आली आणि माझी मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दारात कुणी नव्हतं. आत ओट्यावर झाकण हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर काका माझ्याकडेच बघत होते.

"ऐकलंस?"

मला नाही म्हणवेना.

त्यानंतर मी दुकानात बेतानेच जाऊ लागले. शेवटची गेले तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत शिरले आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं. काका पाठमोरे होते. पडद्यावर तीन रांगा वाजत होत्या. आता काका नाहीत, पांढरा संगणक माझ्याकडे आहे, आणि त्याच्यापाशी जायचं तर मीही आधी वर बघते, पंखा बंद आहे ना. त्या दिवशी मात्र पाती नुकती घरघरत फिरू लागली होती. काका मागे न बघता म्हणाले,

"पंखा बंद कर गं. तिचं येतंय."