आज किती आलं, वन्सं?

माणसं स्वतःला मोजतात ती कशासाठी? कुणी मरणाच्या भीतीने, कुणी फोटोत बारीक दिसावं म्हणून, कुणी नुसतं शेजाऱ्यापुढे मिरवायला. आक्का मोजायची, कारण मोजलं की घरात तिच्याशी कुणीतरी बोलायचं. हसू नका, खरंच सांगतोय.

आक्का कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. लग्न झालं नाही, धाकट्या भावाकडेच राहिली. स्वयंपाकघराच्या दारामागे, सिलिंडरला पाय लागेल अशा बेताने तिचं अंथरूण. जेवायची सगळ्यांच्या शेवटी, पातेल्यात उरेल ते. भावजय काही कैदाशीण नव्हती. तिला आक्का दिसतच नव्हती, दाराला अडकवलेली पिशवी दिसत नाही तशी. आणि भाऊ तरी कुठे बघत होता!

मग भावाच्या किडन्या गेल्या. तपासण्या झाल्या आणि आक्काची जुळली. झालं! एका दिवसात घराचे वारे फिरले. आक्का आतल्या खोलीत पलंगावर आली. तिच्यासाठी दूध आलं, उकडलेली अंडी आली, बीपी मोजायचं यंत्र आलं.

"आज किती आलं, वन्सं?" भावजय सकाळी ओट्यापासूनच हाक मारायची. आकडा सांगितला की, "वा! ठणठणीत आहात हो अगदी!" भाऊ तिचा हात धरून विचारायचा, "आक्का, झोप लागली ना गं?" पन्नाशी उलटलेल्या बाईला हे आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारत होतं. कारखान्यात ती ज्याला-त्याला सांगत सुटली, "घरी फार जपतात बाई मला." लाज वाटायला हवी होती, पण तिला नव्हे, त्या दोघांना.

ऑपरेशनचं ठरलं आणि नेमका भावाला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, हा पूर्ण बरा होईपर्यंत थांबायचं. तोवर बहिणीला जपा, तिचं बीपी रोज बघा. त्याच दिवसांत एका सकाळी आक्काचा आकडा चढला. तिने भोळेपणाने सांगून टाकला.

भावजयीचं तोंड एवढंसं झालं. "चोरून खारट खाता काय हो तुम्ही, वन्सं? जीव जाईल तुमच्या भावाचा!" त्या दिवशी दूध आलं नाही. दिवसभर घरात कुणी तिच्याशी अक्षर बोललं नाही, भावाने तर तोंडच फिरवलं. दुसऱ्या सकाळीही आकडा चढलेलाच होता. ओट्यापाशी हाक आली. आक्काने हाताचा पट्टा सोडला, यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "उतरलं गं. छान आलंय."

"हुश्श!" भावजय म्हणाली, आणि दूध आलं.

मग काय, जिभेला सवयच लागली. डोकं ठणकायचं, काज करता करता डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण घरी आक्का रोज छान! एकदा भावजयीचा भाऊ आला. म्हणाला, "माझी तपासून बघायची का?" भावजयीनेच त्याला गप्प केलं. "तुझी लेकरं लहान आहेत रे. आमच्या वन्सं आहेत की!" आक्का तिथेच जेवत होती. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण भावजय तिच्या ताटात आग्रहाने भाजी वाढत होती, आणि आक्काने मुकाट्याने घास घेतला. तो घरी गेल्यावर त्याच्या बायकोने त्याचे कान पिळले, पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

न्यूमोनिया पुन्हा पुन्हा उलटून महिनोन्महिने लांबला, आणि गेला तोवर भावाचा नुसता सापळा उरला होता. ऑपरेशनआधीच्या तपासणीला तिघं गेली. नव्या डॉक्टरणीने रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळले. "यांचं बीपी कित्येक महिने चढलेलं असणार. यांच्याच किडन्यांना इजा झालीय. यांची घेता येणार नाही."

"असं कसं? रोज मोजत होत्या!" भावजय किंचाळली. "रोज चांगलं येत होतं! वन्सं, बोला ना!"

"खरं सांगितलं त्या दिवशी तुम्ही कुणी बोलला नाहीत माझ्याशी," आक्का म्हणाली.

डॉक्टरणीने विचारलं, दुसरं कुणी देणारं आहे का? भावजयीने नकारार्थी मान हलवली. "मग नाव किडनीच्या प्रतीक्षायादीत घालू. पण नंबर लागेपर्यंत पेशंटची तब्येत टिकेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

डॉक्टरीण आक्काकडे वळली. "मावशी, आता तुम्हालाही जन्मभर गोळ्या आहेत. पथ्य सांभाळायला, रोज लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. घरी कोण आहे तुमचं बघायला?"

आक्काने भावजयीकडे पाहिलंच नाही. तिने भावाकडे पाहिलं. आई गेल्यावर त्याला कडेवर घेऊन तिनेच वाढवलं होतं.

"कुणी नाही, डॉक्टर," भाऊ म्हणाला. "एकटीच राहते ती."

डॉक्टरीण तसं लिहून घ्यायला लागली, आणि आक्काने मान डोलावली.