दादाची तहान

मिठागरावर तहान हा कुणी आजार मानत नसे. त्यामुळे माझा थोरला भाऊ हंडा हंडा पाणी पिऊ लागला, तेव्हा कळव्याजवळ खाडीकाठच्या आमच्या घरात कुणाला विशेष वाटलं नाही. तो घटाघटा प्यायचा आणि लगेच लघवीला बांधाआड पळायचा. तिथे मुंग्या जमतात का, ते बाबांनी पाहिलं. जमत नव्हत्या.

"मधुमेह नाय. मंग कसला आजार? मीठ बाधलंय त्याला. पानी कमी द्या, म्हंजे धावनं थांबल," बाबा म्हणाले.

आईने माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

मी तेव्हा इंटरला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीचा धडा नुकताच झाला होता. शरीराची वाढ, बाकीच्या ग्रंथींचं काम, सगळ्यावर तिचा ताबा. मूत्रपिंडांनी पाणी किती राखायचं, हेही तिच्याच एका रसावर ठरतं. तो रस सुटला नाही तर पाणी नुसतं वाहून जातं; त्यात साखर नसते, मग मुंग्या येणार कुठून? दादाला हेच झालं असावं, असं मला वाटत होतं. खात्री नव्हती. तरी बोललो.

"वाटाना?" बाबा हसले. "डोक्यात वाटाना नि धावपल बांधावर! हेच शिकवतात व्हय तिथं?"

दादाही हसला, फुटलेल्या ओठांनी. मी इंग्रजी शब्द सांगत राहिलो आणि चिडत राहिलो. ज्याच्या घामावर शिकत होतो, त्याच्या कामी माझं शिक्षण येत नव्हतं.

मग एका दुपारी दादा बैलांच्या डोणीला तोंड लावून पिताना दिसला. डोळे खोल गेलेले. मी माठ उचलून बाहेर आणला. आई आडवी आली.

"अरं, परत वाहून जाईल सगलं!"

"म्हणूनच द्यायचं!" मी ओरडलो. "बांधाची पाणी अडवणारी उघाडी मोडली, पाणी खाडीत चाललं, तर नवं पाणी तोडून ती दुरुस्त होते का? ती ग्रंथी म्हणजे उघाडीवरचा राखणदार. तोच पडलाय."

बाबा पुढे आले. मग म्हणाले, "हंगाम सरला का नेऊ डाक्टरकडं."

"उघाडी फुटल्यावर हंगाम सरायची वाट बघता तुम्ही?"

 बाबांनी गाडीला बैल जुंपले.

ठाण्याच्या इस्पितळात यावर औषध असेल की नाही, मला माहीत नव्हतं. गाडीत दादा माठ मांडीत धरून बसला होता, आणि प्यायला अजून बिचकत होता.

"पी," बाबा मागे न बघता म्हणाले. "ठान्यापत्तुर पुरंल."